हेड गॅस्केट वारंवार उडते, तेव्हा दोष बोल्टच्या ताणात शोधावा

जुन्या फोर-बाय-फोर गाडीचे हेड गॅस्केट उडाले, ते बदलले आणि काही काळातच पुन्हा उडाले, की ‘गॅस्केटच हलक्या प्रतीचे निघाले’ असे म्हणून मालक मोकळा होतो. क्वचित ते खरेही असते. परंतु त्याच जागी दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा गळती होत असेल, तर गॅस्केटला दाबून धरणारी यंत्रणाच ढिली पडली आहे, असे समजावे. ही यंत्रणा म्हणजे हेडचे बोल्ट. त्यांचे काम कसे चालते, हे कळले तर या दुखण्याचा निम्मा उलगडा होतो.

इंजिनाचा ब्लॉक, म्हणजे सिलिंडर असलेला खालचा भाग, आणि त्यावर झाकणासारखे बसणारे हेड यांच्यामध्ये जेमतेम दीड-दोन मिलिमीटर जाडीचे हे गॅस्केट बसते आणि जळते वायू, कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) व तेल या तिघांना एकमेकांपासून वेगळे ठेवते. सिलिंडरचा व्यास 90 मिमी आणि ज्वलनाच्या क्षणीचा दाब वातावरणाच्या 80 पट धरला, तर हेडला वर ढकलणारा जोर सुमारे 5 टन वजनाइतका भरतो. इंजिन मिनिटाला 2000 फेरे करत असेल, तर चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरपाशी हा धक्का मिनिटाला 1000 वेळा बसतो.

हेड जागेवर राहते ते बोल्ट ताणलेले असतात म्हणून. बोल्ट आवळणे म्हणजे तो फिरवून घट्ट करणे, अशी आपली समजूत असते. वास्तविक आपण पोलादाचा दांडा लांबवत असतो, आणि आखडून मूळ लांबीवर येण्याची त्याची जी ओढ असते, तीच हेडला ब्लॉकवर दाबून धरते. चांगल्या प्रतीच्या पोलादाचा 12 मिमी जाडीचा बोल्ट योग्य रीतीने आवळला, तर एकटा सुमारे 5 टनांचा दाब देतो. चार सिलिंडरच्या इंजिनाला असे दहा बोल्ट असले, तर एकेका सिलिंडरच्या वाट्याला अडीच बोल्ट, म्हणजे साडेबारा टन येतात, आणि 5 टनांच्या धक्क्याला ते पुरून उरतात. मात्र हे 5 टन मिळवण्यासाठी 100 मिमी लांबीचा बोल्ट किती लांबतो? केवळ 0.3 मिमी! म्हणूनच गॅस्केट चेपून 0.05 मिमीने बसले, किंवा हेडच्या पृष्ठभागावर राहिलेला जुना कचरा नंतर तेवढाच दबला, तरी बोल्टच्या ताणाचा सहावा हिस्सा कायमचा जातो. डोळ्याला न दिसणारी ही ढिलाई मला या विषयातली सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते.

आता यात उष्णतेची भर घाला. अ‍ॅल्युमिनियम एका अंश सेल्सिअसला मीटरमागे साधारण 23 मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) प्रसरण पावते, तर पोलाद सुमारे 12 आणि बिडाचे ओतीव लोखंड 11 ते 12 मायक्रॉन. हेड 100 मिमी उंचीचे व अ‍ॅल्युमिनियमचे असेल आणि ते 70 अंशांनी तापले, तर ते 0.16 मिमी वाढते. पोलादी बोल्ट मात्र 0.08 मिमीच वाढतो. उरलेले 0.08 मिमी हेड त्या बोल्टला जबरदस्तीने ताणते, म्हणजे गरम इंजिनात दाब आणखी वाढतो. येथवर सारे ठीक आहे, कारण इंजिनाची रचनाच हा हिशेब धरून केलेली असते. पण कूलंट संपून हेड भलतेच तापले, की मऊ पडलेले अ‍ॅल्युमिनियम बोल्टच्या डोक्याखाली कायमचे चेपते आणि गॅस्केटही मर्यादेबाहेर दबते. इंजिन थंड झाल्यावर हेड आकसते, आणि बोल्टचा ताण मूळच्यापेक्षा खाली उतरलेला असतो. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर हेड आणि ब्लॉक यांच्या सांध्यातून कूलंट पाझरते व इंजिन तापताच ते पाझरणे थांबते, या कोड्याचे उत्तर बहुधा येथे असते.

आडव्या दिशेनेही हीच ओढाताण चालते. 500 मिमी लांबीचे अ‍ॅल्युमिनियमचे हेड 80 अंशांनी तापले, तर ते खालच्या बिडाच्या ब्लॉकपेक्षा जवळजवळ अर्धा मिलिमीटर अधिक वाढू पाहते, आणि हे घासणे प्रत्येक वेळी गॅस्केटला सोसावे लागते. लँड रोव्हरचे 300 टीडीआय किंवा टोयोटाचे 22आर ही इंजिने अशा दोन वेगवेगळ्या धातूंच्या जोडीची आहेत. जीपच्या 4.0 लिटर सहा सिलिंडरच्या इंजिनात दोन्ही भाग बिडाचे असल्यामुळे ही ओढाताण फार कमी असते. तरी अति तापवल्यास बिडाच्या हेडलाही तडा जाऊ शकतो.

आडवाटेच्या गाडीला हा धोका अधिक असतो. चढावर वेग कमी, इंजिनावर भार जास्त आणि रेडिएटरच्या जाळीत वाळलेला चिखल, अशा स्थितीत उष्णता बाहेर पडत नाही. त्यात कूलंट पुरते ओसरले, तर तापमानाचा सेन्सर द्रवाबाहेर उघडा पडतो आणि काटा चढण्याऐवजी खाली येऊ शकतो. काटा अचानक उतरला, तर हायसे न वाटता इंजिन ताबडतोब बंद करावे आणि ते थंड होईपर्यंत रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नये.

तेलाच्या झाकणाखाली दुधाळ थर दिसला, की गॅस्केट गेले असे ठरवणे घाईचे आहे, कारण छोट्या अंतराच्या फेऱ्यांत साठलेल्या बाष्पानेही तसा थर येतो. थंड इंजिन सुरू करताच रेडिएटरचा वरचा होज पाइप मिनिटाभरात दगडासारखा कडक झाला, तर मात्र संशय बळावतो, कारण इतक्या लवकर केवळ उष्णतेने तेवढा दाब तयार होत नाही. खात्रीसाठी ब्रोमोथायमॉल ब्लू या दर्शकाची चाचणी सुंदर आहे. कूलंटची पातळी थोडी उतरवून रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रवाची नळी बसवतात व वरची हवा त्यातून ओढतात. त्या हवेत ज्वलनातला कार्बन डायऑक्साइड असेल, तर द्रवात कार्बनिक आम्ल तयार होते, सामू (पीएच) 7.6 वरून 6 कडे उतरतो आणि निळा रंग हिरवट होत पिवळा होतो. डिझेल इंजिनाच्या धुरात, गाडी उभी असताना, हा वायू कमी असतो. म्हणून त्याची चाचणी भार देऊन करावी. शेजारच्या दोन सिलिंडरांचे कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टनने हवा दाबल्यावर भरणारा दाब, एकदम घसरले असेल, तर गॅस्केट त्या दोघांच्या मधल्या अरुंद पट्टीत फुटले आहे, असे समजावे.

रेडिएटरमध्ये ओतायच्या ‘चमत्कारी’ बाटल्यांविषयी स्पष्ट बोलणे भाग आहे. त्यांतल्या अनेकांत सोडिअम सिलिकेट असते. गळतीच्या जागी उष्णतेने त्यातले पाणी उडून काचेसारखा थर जमतो. निर्जन जागेतून परत येण्यापुरता त्याचा उपयोग होऊ शकतो. पण बोल्टचा गेलेला ताण कोणतेही रसायन परत आणत नाही, आणि तोच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत व हीटरमध्ये जमून इंजिन आणखी तापवतो. ‘कायमची दुरुस्ती’ हे त्या वेष्टनावरचे शब्द दिशाभूल करणारे आहेत.

दुरुस्ती करताना हेड पूर्ण थंड झाल्यावरच, बोल्ट बाहेरून आत या क्रमाने टप्प्याटप्प्याने सैल करून उतरवावे. सरळ पट्टी व फीलर गेज (फट मोजण्याच्या पातळ पट्ट्या) यांनी सपाटी तपासावी. पुष्कळ इंजिनांत मर्यादा 0.05 ते 0.1 मिमी असते, नेमका आकडा त्या इंजिनाच्या पुस्तिकेचा मानावा. बाक अधिक असेल, तर हेडला फेस मारावा, म्हणजे यंत्रावर त्याचा पृष्ठभाग सपाट करून घ्यावा लागतो आणि तत्पूर्वी तडा नाही ना, हे दाबाखाली तपासून घ्यावे. जुन्या गॅस्केटमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. ते ओले करून खरवडावे, कोरडे घासून धूळ उडवू नये. बोल्टच्या भोकांत तेल वा पाणी राहिले, तर आवळताना ते दाबले जाऊन ब्लॉकला तडा जाऊ शकतो, म्हणून भोके कोरडी करावीत. आवळण्याच्या जोरापैकी साधारण 50 टक्के बोल्टच्या डोक्याखालच्या आणि 40 टक्के आट्यांच्या घर्षणात जातो व जेमतेम 10 टक्के बोल्ट ताणण्याच्या कामी येतो. आटे गंजलेले असले, तर टॉर्क रेंच (आवळण्याचा जोर मोजणारा पाना) योग्य आकडा दाखवत असतानाही बोल्ट पुरेसा ताणलेला नसतो. यासाठीच पुढच्या काळातील इंजिनांत ठरावीक टॉर्कनंतर अंशांत मोजून बोल्ट फिरवतात, आणि असे बोल्ट पुष्कळदा एकदाच वापरायचे असतात. जुन्या पद्धतीच्या संमिश्र गॅस्केटला इंजिन काही काळ चालवून बोल्ट पुन्हा आवळावे लागतात. ते थंड इंजिनावर आवळायचे की गरम, हे पुस्तिकेत पाहूनच ठरवावे, कारण वर पाहिल्याप्रमाणे अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमध्ये या दोन अवस्थांतला ताण एकसारखा नसतो.