अर्धा आयफेल, पण वारा पूर्ण

डिसेंबर २०१० मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने स्वातंत्र्यदेवतेच्या चेहऱ्याचं तिकीट काढलं. ते देशभर चिकटवलं जाऊ लागलं आणि मार्च २०११ मध्ये तिकिटांच्या जाणकारांनी बोट ठेवलं: ही न्यूयॉर्क बंदरातली देवी नव्हेच. डोळे जास्त रेखीव, केसांची वळणं वेगळी, मुकुटावर एक छोटी चौकोनी पट्टी. छायाचित्र होतं लास वेगासमधल्या ‘न्यूयॉर्क-न्यूयॉर्क’ या कॅसिनोसमोरच्या पुतळ्याचं. तो घडवणारे शिल्पकार रॉबर्ट डेव्हिडसन यांनी २०१३ मध्ये सरकारवर दावा ठोकला. आपण नक्कल केली नाही, चेहरा मुद्दाम अधिक कोवळा केला आणि तो करताना सासूबाईंचा फोटो समोर होता, असं त्यांचं म्हणणं. २०१८ मध्ये न्यायालयाने ते मान्य करून सुमारे ३५ लाख डॉलर देवविले. नकलेला स्वतःचा चेहरा असतो हे कोर्टात सिद्ध झालं, तेही सासूच्या साक्षीने.

चेहऱ्याचं राहू द्या, मला त्या पुतळ्याच्या रंगाचं अधिक कुतूहल आहे. मूळ देवी १८८६ साली उभी राहिली तेव्हा तांब्याच्या नव्या हंड्यासारखी झळकत होती. दमट हवेत तांब्यावर आधी तपकिरी ऑक्साइड चढलं. मग पाऊस, कोळशाच्या धुरातलं गंधक आणि समुद्रावरचं मीठ यांनी मिळून त्यावर हिरवट क्षारांचा थर बसवला. १९०६ पर्यंत देवी हिरवी झाली होती. तिला रंग द्यायचा बेत शिजला, लोक खवळले, आणि लष्कराच्या अभियंत्यांनी तपासून सांगितलं की हा थर तांब्याचं रक्षणच करतो आहे. बाहेरून रंग दिला गेला नाही. आता लास वेगासचं हवामान पाहा. वर्षाला पाऊस साधारण १०० मिलिमीटर, समुद्र दूर, हवा खडखडीत कोरडी. तिथे अस्सल तांब्याची देवी उभारली असती तरी ती वर्षानुवर्षं तपकिरीच राहिली असती. हिरवी हवी तर ब्रश हातात घ्यायलाच हवा, आणि वेगासकरांनी तेच केलं.

न्यूयॉर्कच्या देवीचा पत्रा जेमतेम २.४ मिलिमीटर जाडीचा आहे. तिला उभं धरतो आतला लोखंडी सांगाडा, आणि तो आखला होता गुस्ताव्ह आयफेल यांनी. तांबं आणि लोखंड खाऱ्या ओलाव्यात एकमेकांना टेकले की त्यांची विद्युत घटमाला होते आणि बळी लोखंडाचा जातो. हे ठाऊक असल्याने दोन धातूंच्या मध्ये लाखेत भिजवलेला अ‍ॅस्बेस्टॉस घातला होता. शंभर वर्षांत तो झडला, सांगाड्याच्या पट्ट्या गंजून फुगल्या आणि रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या जाड खिळ्या, उपटू लागल्या. १९८४ ते ८६ च्या दुरुस्तीत जुन्या पट्ट्या काढून स्टेनलेस स्टीलच्या बसवल्या आणि मध्ये टेफ्लॉन घातलं. वेगासच्या पुतळ्यावर तांब्याचा पत्राच नाही, त्यामुळे हे दुखणंही नाही.

तेच आयफेल आता दुसऱ्या रूपात. न्यूयॉर्क-न्यूयॉर्कपासून त्याच रस्त्याने थोडं उत्तरेकडे गेलं की ‘पॅरिस’ लागतं. १९९९ मध्ये उघडलेल्या या कॅसिनोच्या डोक्यावर ५४० फुटी, म्हणजे सुमारे १६५ मीटरचा आयफेल मनोरा आहे. मूळचा अँटेनासकट आज ३३० मीटरचा. वेगासमध्येही पूर्ण उंचीचाच उभारायचा विचार होता म्हणतात, पण विमानतळ हाकेच्या अंतरावर, तेव्हा निम्म्यावर भागवलं.

निम्मा करणं म्हणजे नेमकं काय? मनोऱ्याची प्रत्येक पट्टी लांबी, रुंदी आणि जाडी तिन्हींत निम्मी केली, तर एकूण वजन आठवा हिस्सा उरतं. ते पेलणाऱ्या खांबांच्या छेदाचं क्षेत्रफळ मात्र चौथा हिस्सा उरतं. आठव्या हिश्श्याचं ओझं चौथ्या हिश्श्याच्या खांबावर, म्हणजे लोखंडावरचा ताण निम्मा झाला. गॅलिलिओने सतराव्या शतकात हाडांचं उदाहरण घेऊन हा हिशेब मांडला होता: प्राणी मोठा करायचा तर हाडं प्रमाणाबाहेर जाड करावी लागतात. लहान करताना उलट सवलत मिळते.

ही सवलत वारा देत नाही. वारा ढकलतो पृष्ठभागावर. पृष्ठभाग चौथा हिस्सा, उंची निम्मी, म्हणून मनोऱ्याला आडवं पाडू पाहणारा जोर आठवा हिस्सा झाला. त्याला सावरून धरतं ते वजन आणि पायांचा पसारा. वजन आठवा हिस्सा, पसारा निम्मा, म्हणजे सावरणारा जोर सोळावा हिस्सा. थोडक्यात, हुबेहूब निम्मा केलेला मनोरा नुसत्या वजनाच्या भरवशावर उभा राहायला मूळच्याच्या निम्मा पक्का. खाली वारा थोडा मंद असतो, तेवढीच काय ती मेहेरबानी. बाकीची भर पायाला जखडून काढायची. मूळ मनोऱ्याची ती खालून फाकलेली, वर निमुळती रेघ शोभेची नव्हतीच, आयफेल यांच्या कचेरीने ती वाऱ्याच्या हिशेबातून काढली होती. वेगासने रेघ उचलली, पण मनोऱ्याच्या पायाखाली पॅरिसमध्ये असतं तसं मोकळं मैदान त्याला मिळालं नाही. मागचे पाय थेट कॅसिनोच्या छतातून खाली उतरतात आणि खेळाच्या टेबलांमध्ये येऊन टेकतात. शिवाय माणूस निम्मा होत नाही. लिफ्ट, कठडे, जिन्याच्या पायऱ्या सगळं पूर्ण मापाचं लागतं, म्हणून जवळून पाहिलं की मनोऱ्याचं प्रमाण किंचित खटकतं.

आणि रिव्हेट! १८८९ च्या मनोऱ्यात १८,०३८ भाग आणि सुमारे २५ लाख रिव्हेट आहेत. इमारतींचं लोखंड वितळवून जोडायची सोय तेव्हा नव्हती. एका रिव्हेटमागे चार माणसं: एक ती भट्टीत लाल करणार, दुसरा भोकात धरून ठेवणार, तिसरा तिच्या टोकाला टोपी घडवणार, चौथा घणाने ठोकणार. खरी गंमत त्यानंतर. रिव्हेट थंड होताना आखडते आणि दोन्ही पत्र्यांना एकमेकांवर आवळून धरते. म्हणजे जोड पक्का होतो तो तापमान उतरताना. वेगासचा मनोरा वेल्डिंग केलेल्या पोलादाचा आहे, पण रिव्हेट त्यालाही आहेत, नुसत्या दिसण्यापुरत्या. मला या खोट्या रिव्हेट नकलेतल्या सगळ्यात प्रामाणिक वाटतात. बघणाऱ्याच्या डोळ्याला काय हवं ते कारागिराने नेमकं ओळखलं आहे.

उन्हापुढे मात्र दोन्ही मनोरे सारखेच. लोखंड दर अंशाला आपल्या लांबीच्या दहा लाखांत बारा भाग वाढतं. वेगासमध्ये हिवाळ्यात पारा शून्याच्या आसपास उतरतो आणि जुलै २०२४ मध्ये तो जवळपास ४९ अंशांवर गेला होता. हिशेब केला तर तिथला मनोरा थंडी-उन्हाळ्यात नऊ-दहा सेंटिमीटर तरी उंचावत-आखडत असणार.

याच रस्त्याच्या दक्षिण टोकाला ‘लक्झर’ आहे. १९९३ मध्ये उघडलेला, काळ्या काचेचा, १०७ मीटर उंचीचा पिरॅमिड. नाव मिसरमधल्या, म्हणजे इजिप्तमधल्या, लक्झर शहराचं आणि आकार गिझाच्या पिरॅमिडचा, जो त्या शहरापासून सुमारे ५०० किलोमीटर दूर आहे. दारातला स्फिंक्स, म्हणजे माणसाच्या तोंडाचा सिंह, तर मूळच्याहून उंच, आणि मूळच्याचं तुटलेलं नाक याला शाबूत. पण कोनाकडे लक्ष द्या. या पिरॅमिडच्या लिफ्ट कोपऱ्यांच्या धारेने तिरप्या चढतात, ३९ अंशांत. गिझाच्या मोठ्या पिरॅमिडची बाजू जवळपास ५२ अंशांत चढते, मग हा इतका चपटा का? कारण आपण दोन वेगळे कोन ताडून पाहतो आहोत. मध्यापासून कोपरा बाजूपेक्षा १.४१ पट लांब असतो, उंची तीच, त्यामुळे धारेचा चढ नेहमी सौम्य. गिझाच्या धारेचा कोन काढला तर तोही ४२ अंशांच्या आसपास येतो. म्हणजे वेगासने आकार बराच जवळचा साधला आहे.

मूळ ५२ अंश आले कुठून यावर गूढ पुस्तकांची रास पडली आहे. उत्तर गवंड्याचं आहे. मिसरात एक हात म्हणजे सात पंजे. एक हात वर चढताना साडेपाच पंजे आत सरकायचं, एवढा एकच नियम. सात भागिले साडेपाच, की कोन ५१.८ अंश. असा नियम हजारो कामगारांना दोरी आणि काठीवर देता येतो. त्या नियमाने सुमारे २३ लाख दगड रचले, आणि आत पोकळी नावापुरती. लक्झर आतून जवळजवळ पोकळच आहे. खोल्या तिरप्या भिंतींना चिकटून, मधे प्रचंड मोकळा चौक. दगडाला वजनच पुरतं. पोलादी पोकळ पिरॅमिडला आतून बांधून ठेवावं लागतं.

लक्झरच्या टोकावरून रात्री प्रकाशाचा झोत आकाशात जातो: ३९ झेनॉन दिवे, प्रत्येकी ७,००० वॅट. प्रकाश बाजूने दिसत नसतो. वाटेत काही आडवं आलं तरच तो आपल्या डोळ्याकडे फेकला जातो. इथे आडवी येते धूळ, आणि किडे. किड्यांमागे वटवाघळं आली, त्यांच्यामागे घुबडं. मिसरच्या देवळात नव्हती अशी अन्नसाखळी एका जाहिरातीच्या दिव्यावर जमली. जुलै २०१९ मध्ये ओल्या हिवाळा-वसंतानंतर नाकतोड्यांचे थवे शहराच्या उजेडावर धावून आले, इतके की हवामानाच्या रडारवर ते पावसासारखे उमटले. रडारच्या नोंदींवरून संशोधकांनी एका रात्रीचा आकडा काढला: साडेचार कोटींच्या वर नाकतोडे, वजन ३० टन.

‘व्हेनेशियन’ या व्हेनिसची नक्कल करणाऱ्या कॅसिनोमधला कालवा मला या सगळ्यांत धाडसी वाटतो, कारण तो वरच्या मजल्यावर आहे. खाली कॅसिनो, वर पाणी. एक मीटर खोल पाणी चौरस मीटरला एक टन भरतं. घराच्या जमिनीसाठी आपल्याकडचे अभियंते वापराचा भार साधारण २०० किलो धरतात. कालवा मीटरहून जरा उथळ असला तरी घराच्या चौपट भार आलाच, तोही अहोरात्र. व्हेनिसची चिंता याच्या उलटी. तिथे खाली चिखल, म्हणून शहर लाकडी खुंटांवर उभं. सांता मारिया देल्ला सालुते या एका चर्चखाली दहा लाखांहून जास्त खुंट आहेत. चिखलात प्राणवायू पोचत नाही, लाकूड कुजवणाऱ्या बुरशीचं काही चालत नाही, म्हणून ते टिकलं.

तिथली होडीही मुद्दाम वाकडी असते. नावाडी मागे उभा राहून उजवीकडे एकच वल्हं मारतो. होडी सरळ असती तर गोल फिरत राहिली असती, म्हणून गोंडोलाचा डावा भाग उजव्याहून सुमारे २४ सेंटिमीटर रुंद ठेवतात. वेगासच्या होड्यांना विजेची मोटर असते. वल्हं गाण्याच्या साथीला.

चीनमधल्या मकावमध्ये २००७ साली ‘व्हेनेशियन’ याच नावाचा आणखी मोठा कॅसिनो भराव घातलेल्या जमिनीवर उघडला. तो व्हेनिसची नक्कल म्हणायचा की वेगासची, हे ज्याने त्याने ठरवावं.

वेगासच्या व्हेनेशियनसमोर व्हेनिसच्या सेंट मार्क चौकातला घंटाघराचा मनोरा आहे, ९६ मीटरचा, मूळचा ९८.६. पण ‘मूळचा’ तरी कुठला? जुना मनोरा १४ जुलै १९०२ च्या सकाळी तडे जाऊन जागच्या जागी कोसळला. माणूस एकही दगावला नाही, राखणदाराची मांजर तेवढी गेली. शहराने ठरवलं, होता तसाच आणि होता तिथेच बांधायचा. १९१२ च्या एप्रिलमध्ये तो खुला झाला. म्हणजे व्हेनिसमधला मनोरा वेगासमधल्यापेक्षा ८७ वर्षांनीच मोठा आहे, फक्त त्याला उभं राहायला तोच जुना चिखल मिळाला. एकविसाव्या शतकात पुन्हा तडे दिसू लागले, तेव्हा २००७ पासून त्याच्या पायाभोवती टायटॅनियमचा कमरपट्टा आवळण्याचं काम सुरू झालं. टायटॅनियम अशासाठी, की खाऱ्या पाण्यात ते गंजत नाही.