गड्ड्यातला पाळणा आणि बंद कॉकपिट

दिवाळीच्या सुट्टीत जुळे सोलापुरात बहिणीकडे गेलो, तर भाचा कॉम्प्युटरसमोर कपाळाला आठ्या घालून बसलेला. 26 सप्टेंबर 2025 ला चंदीगडमध्ये हवाई दलाच्या मिग-21 या लढाऊ विमानाला निरोप दिला गेला. तो सोहळा त्याने मोबाइलवर पाहिला आणि तेव्हापासून डोक्यात विमानच शिरलं होतं. डीसीएस वर्ल्ड हे सिम्युलेटर, म्हणजे कॉम्प्युटरवर खऱ्यासारखं विमान उडवायचा खेळ, फुकट मिळतं म्हटल्यावर रात्र-रात्र डाउनलोड लावून शंभराहून जास्त जीबी घरात आणले. नवख्याने मिगच्या नादी लागू नये, असं कुणीतरी सांगितलं, म्हणून त्यातलं एफ/ए-18 हॉर्नेट हे अमेरिकी लढाऊ विमान चौदा दिवसांच्या मोफत ट्रायलवर घेतलं.

"मामा, तास झाला, हे चालूच होईना बघा."

चालू कसं होणार? त्या विमानाला किल्ली नाही. आधी बॅटरी, मग एपीयू नावाचं छोटं इंजिन, त्याचा हिरवा दिवा लागेपर्यंत वाट बघायची. मग उजव्या इंजिनाला क्रँक द्यायचा, फेरे वाढले की त्याचा थ्रॉटल, म्हणजे जोर कमी-जास्त करायचा दांडा, पुढे घ्यायचा. त्यानंतर डावं. मग ब्लीड एअरची, म्हणजे इंजिनातून घेतलेल्या हवेची, गोल खुंटी एक पूर्ण फेरा फिरवायची, कॉकपिटमधले डिस्प्ले चालू करायचे, दिशादर्शक यंत्रणा जुळेपर्यंत काही मिनिटं नुसतं बसून राहायचं. भाच्याला बॅटरी सापडली होती. त्यापुढे तासभर तो माउसने एकेक खटका दाबून बघत होता.

विंडोज आणि होम ही दोन बटणं एकदम दाबली की हे सगळं आपोआप होतं, असं मी सांगितलं. तो माझ्याकडे बघतच राहिला. "हे लिहिलंय कुठं?"

या छंदाची सगळी कर्मकथा त्या प्रश्नात आहे. लढाऊ विमानांच्या सिम्युलेटरमध्ये नवा माणूस टिकत नाही, याचं ठरलेलं उत्तर म्हणजे 'महाग आहे हो'. महाग आहेच, त्याकडे येतो. पण महाग छंद पुष्कळ आहेत आणि त्यांना गर्दीही असते. इथे अडतं ते वेगळ्याच ठिकाणी: खेळ कसा खेळायचा हे खेळाने स्वतः कधी सांगितलंच नाही. ते आधी कागद सांगायचा, नंतर ओळखीची माणसं सांगू लागली. ज्याच्याकडे ना कागद ना ओळख, तो दारातच राहिला.

गंमत म्हणजे याची सुरुवात जत्रेतली आहे. एडविन लिंक हा अमेरिकेतल्या बिंगहॅम्प्टन गावचा. बापाचा धंदा ऑर्गन आणि आपोआप वाजणारे पियानो बनवण्याचा. विमान शिकायला पैसे फार पडतात म्हणून 1929 च्या सुमारास त्याने एक खोटं विमान बनवलं. आखूड पंखांची लाकडी पेटी, आत एक माणूस, आणि खाली ऑर्गनचे भाते. आपल्या हार्मोनियमचा भाता हवा भरतो-सोडतो, तसेच हे भाते फुगायचे-बसायचे आणि पेटी डोलायची, कलायची, वळायची. उड्डाणशाळांनी ढुंकून पाहिलं नाही. ती विकली गेली करमणुकीच्या बागांना, नाणं टाकून बसायचं खेळणं म्हणून. म्हणजे सोलापुरात होम मैदानावर जानेवारीत गड्डा नावाची जत्रा भरते, तिथे पाळण्याशेजारी, मौत का कुआँच्या अलीकडे शोभावी अशी ती वस्तू. पोरगं बसलं, हसलं, उतरलं. कुणी त्याला मॅन्युअल वाच म्हटलं नाही.

1934 मध्ये चित्र पालटलं. टपाल वाहण्याचं काम अमेरिकी लष्कराच्या वैमानिकांवर आलं. धुक्यात, हिमवादळात, नुसत्या उपकरणांवर नजर ठेवून उडण्याचा सराव त्यांना नव्हता. काही आठवड्यांत बारा-एक जण मेले. लष्कराने लिंककडून सहा पेट्या घेतल्या. दुसऱ्या महायुद्धापर्यंत अशा दहा हजारांच्या वर पेट्या बनल्या आणि मित्रराष्ट्रांचे लाखो वैमानिक त्यांत घाम गाळून गेले. जत्रेतलं खेळणं लष्कराची शाळा झालं. घरातल्या कॉम्प्युटरवर पुढे हीच गोष्ट पुन्हा घडली, फक्त सावकाश.

ब्रूस आर्टविकने ॲपल-टू साठी 1979 च्या अखेरीस पहिला फ्लाइट सिम्युलेटर काढला. चार रेघांचं क्षितिज, चार रेघांचे डोंगर. पण विमान कुठलं होतं बघा: पहिल्या महायुद्धातलं सॉपविथ कॅमल, आणि सोबत शत्रूच्या विमानांशी झुंजायचा खेळही. हाच प्रोग्रॅम 1982 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या नावाने आयबीएम पीसीवर आला. म्हणजे घरगुती सिम्युलेटर जन्मापासूनच थोडा लढाऊ होता.

त्याच 1982 सालची एक कथा या धंद्यात हमखास सांगितली जाते. लास व्हेगासमध्ये 'रेड बॅरन' नावाचं नाणं टाकून खेळायचं मशीन होतं. बिल स्टीली हा हवाई दलात विमान उडवलेला गडी, त्याच्यासोबत सिड मायर नावाचा प्रोग्रॅमर. मायरने स्टीलीला सरळ हरवलं. वैमानिक चक्रावला. मायर म्हणाला, मशीन कसं वागतं ते मी बघून ठेवलं होतं, आणि याहून चांगला खेळ मी लिहू शकतो. त्यातून मायक्रोप्रोज कंपनी उभी राहिली. तिच्या 1984 च्या एफ-15 स्ट्राइक ईगलच्या दहा लाखांहून जास्त प्रती खपल्या. आज ज्याला कोपऱ्यातला छंद म्हणतात तो त्या काळी मुख्य बाजार होता, हे नव्या पोरांना सांगूनही पटत नाही. पीसीवर दुसरं होतं तरी काय? पळण्या-उड्या मारण्यात टीव्ही गेम सरस. पीसीला आकडेमोड यायची, आणि विमान म्हणजे आकडेमोडच. पीसी परवडणारा माणूस वयाने मोठा, बहुधा इंजिनियर. त्याला जाड पुस्तक वाचायचा कंटाळा नव्हता.

पुस्तक ही यातली खरी गोष्ट. खोका उघडला की आत फ्लॉपी, सोबत शेकडो पानी मॅन्युअल, नकाशे, काहींत की-बोर्डवर ठेवायची पट्टीसुद्धा. विमान का उडतं, क्षेपणास्त्र मागे लागलं तर कुठल्या बाजूला वळायचं, सगळं त्यात. अर्धा खेळ पडद्यावर आणि अर्धा कागदावर.

सोलापुरात पहिला अर्धाच पोहोचला. नव्वदच्या दशकात नवी पेठेच्या बाजूला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये आम्ही बेसिक ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकायला जायचो. सर घरी गेले की मशीनवर मायक्रोप्रोजचा एफ-19 स्टेल्थ फायटर लागायचा. फ्लॉपी कुणाची तरी, तिच्याआधी आणखी कुणाची तरी. सुरू करताना तो खेळ एका विमानाची आकृती दाखवायचा आणि विचारायचा, हे कोणतं? मॅन्युअलमध्ये बघून उत्तर द्यायचं, म्हणजे तुम्ही विकत घेतलाय हे सिद्ध झालं. आमच्याकडे कुठलं आलंय मॅन्युअल! मग आमच्यातल्या एकाने शंभर पानी वही केली. आकृती दिसली की पेन्सिलने काढायची, खाली लावलेला अंदाज लिहायचा, चुकला की खोडायचा. दोन-तीन महिन्यांत वहीत बरीच विमानं जमली. चोरीची फ्लॉपी होती, उगाच साळसूदपणा नको. पण त्या वहीपायी मिग-23 आणि मिग-27 यांतला फरक मला आजही झोपेत सांगता येतो. उतरायचं कसं, हे मात्र आम्हाला कधीच जमलं नाही. तो धडा कागदावर होता.

भारनियमनाचा काळ तर सांगायलाच नको. लांब मोहीम, परतीचा रस्ता, आणि धावपट्टी दिसायला लागली की लाइट जायची.

1998 हे शिखर. एकाच वर्षात जेन्सचा एफ-15, मायक्रोसॉफ्टचा कॉम्बॅट फ्लाइट सिम्युलेटर आणि डिसेंबरात फाल्कन 4.0. फाल्कनचं मॅन्युअल पाचशेहून जास्त पानांचं, चक्क रिंग बाइंडरमध्ये घातलेलं. त्यात कोरियात एक अख्खं युद्ध आपोआप चालायचं. तुम्ही झोपलात तरी रणगाडे पुढे सरकायचे, पूल पडायचे. बनवायला वर्षं गेली, बाजारात आला तेव्हा ढेकणासारखे दोष निघाले, आणि वर्षभरात बनवणाऱ्यांचीच टोळी मोडली. 2000 मध्ये त्याचा सोर्स कोड, म्हणजे मूळ प्रोग्रॅम, बाहेर फुटला. त्यावर हौशी लोक आजतागायत काम करतायत. फाल्कन बीएमएस म्हणतात तो हाच. या छंदाची निष्ठा आणि त्याचं दुखणं, दोन्ही एका उदाहरणात दिसतात.

कारण तोवर बाहेर वारा फिरला होता. 1993 च्या डूम या खेळानंतर पीसीवर धावून गोळ्या घालणारे खेळ आले. त्यांना लागायचा माउस, आणि माउस प्रत्येक मशीनसोबत फुकट यायचा. विमानाच्या खेळाला हवी जॉयस्टिक, आणि ती जोडायची साउंड कार्डाच्या मागच्या पंधरा पिनांच्या फटीत. ती फटच पुढे मदरबोर्डांवरून गेली. मोठ्या प्रकाशकांनी हिशेब केला: खर्च डोंगराएवढा, गिऱ्हाईक मूठभर. 2002 चा कॉम्बॅट फ्लाइट सिम्युलेटर 3 हा त्या मालिकेतला मायक्रोसॉफ्टचा शेवटचा. 2009 मध्ये त्यांनी सिम्युलेटर बनवणारा स्टुडिओच बंद केला. मधल्या काळात जीव धरला तो मॉस्कोने. 2001 मध्ये ओलेग मॅडॉक्सच्या चमूचा आयएल-2 स्टुर्मोविक हा खेळ आला. ईगल डायनॅमिक्सचा सुखोई-27 वरचा फ्लँकर 1995 पासून होताच. त्याच घराण्यातून डीसीएस निघाला.

इथे एक वळण आहे आणि माझ्या मते सगळ्यात मोठं नुकसान याच वळणावर झालं. गिऱ्हाईक कमी झालं तसं उरलेलं गिऱ्हाईक जास्त चोखंदळ झालं. त्याला प्रत्येक खटका खरा हवा. तो पैसे देतो म्हणून कंपनी प्रत्येक खटका खरा करते. डीसीएसमधल्या, 2011 साली पूर्ण झालेल्या ए-10सी या विमानाचं मॅन्युअल सहाशेहून जास्त पानांचं आहे, आणि आता ते पीडीएफ. विमानं सुटी-सुटी विकली जातात, एकेकाला 80 डॉलरपर्यंत, म्हणजे सुमारे 7000 रुपये. वर स्टिक-थ्रॉटलचा जोड हवा, त्यातला भारीतला जोड बऱ्या मोबाइलएवढ्या किमतीचा. मान वळवून मागे बघायला आणखी एक यंत्र, किंवा डोळ्यांवर चढवायचा व्हीआर. एक संध्याकाळ बसून शिकता येणारा स्ट्राइक ईगल होता, ती खालची पायरी झिजत गेली. अगदी नाहीशी झाली असं नाही. डीसीएसमध्येच फ्लेमिंग क्लिफ्स नावाच्या संचातली सोपी विमानं आहेत, त्यांत खटके दाबावे लागत नाहीत. सुखोई-25टी तर फुकट मिळतं. पण नवखा विचारायला गेला की आम्ही जुनी खोडं काय सांगतो? "ते काय, खेळणं आहे. शिकायचं तर नीट शीक." मीही असंच सांगितलेलं आहे, एकदा नाही, कितीदा तरी.

ज्यांनी खालची पायरी सांभाळली त्यांनी गर्दी खेचली. 2012 मध्ये खुल्या चाचणीला आलेल्या वॉर थंडर या खेळाने युक्ती केली: माउसने जिकडे दाखवाल तिकडे विमान वळेल, बाकी कॉम्प्युटर बघेल. आपल्या हवाई दलानेही 31 जुलै 2019 ला मोबाइलवरचा खेळ काढला, 'इंडियन एअर फोर्स: अ कट अबव्ह'. भाच्याच्या वयाच्या पोरांनी फायटर पहिल्यांदा हाताळलं ते अंगठ्याने. 2016 ला जिओ आल्यावर सोलापुरात खेळ म्हणजे मोबाइल हे समीकरणच झालं. पूर्व भागातल्या यंत्रमाग कामगाराच्या घरीही फोनवर पबजी होता. टेबल, पीसी आणि स्टिक मांडायला जागा कुठल्या घरात असते?

आणि भाषा. 'फॉक्स टू', 'नॉच', 'बुल्सआय' ही बोली इंग्रजीचीही नाही, अमेरिकी हवाई दलाची आहे. घरी तेलुगू, शाळेत मराठी, यूट्यूबवर हिंदी असं पोर इथे तीन भाषा सहज फिरवतं. पण चाळीस मिनिटांचा व्हिडिओ त्या चौथ्या बोलीत सुरू झाला की पाचव्या मिनिटाला बंद करतं. मराठीत कुणी समजावून सांगावं इतकी माणसं इथे कधी जमली नाहीत, आणि सांगणारं नाही म्हणून माणसं जमत नाहीत.

तसं सोलापूरला खरं विमानसुद्धा उशिराच लाभलं. होटगी रोडच्या धावपट्टीला साखर कारखान्याची चिमणी आडवी येत होती. चिमणीने विमान अडवलं यावर वर्षानुवर्षं कोट्या झाल्या. ती 15 जून 2023 ला पाडली, आणि 9 जून 2025 ला गोव्याचं विमान सुरू झालं. भाचा त्या एटीआर विमानाचा आवाज ओळखतो, गच्चीत पळतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा त्याच्या खोलीत डोकावलो. ती दोन बटणं त्याने वापरली नव्हती. "त्यात काय मजा?" म्हणाला. टेबलावर शाळेची शंभर पानी वही उघडी होती. कॉकपिटच्या डाव्या बाजूची आकृती पेन्सिलने काढलेली, खटक्यांना आकडे घातलेले. खाली मराठीत: 'उजवं इंजिन आधी. हिरवा दिवा लागेपर्यंत थांबणे. घाई नाही.' चौथ्या ओळीत काहीतरी लिहून खोडलं होतं. ट्रायलचे अकरा दिवस उरले होते.