खोल समुद्रातले बहुतेक मासे आंधळे नसतात हो!

रविवारी दिवाळ्याच्या मासळी बाजारात एक लालभडक मासा दिसला, बुल्सआय, डोळे एवढे मोठे की आधी डोळेच दिसतात मग मासा. मासे विकणारी मावशी म्हणाली, दादा खोल पाण्यातला आहे, तिथे उजेड कमी म्हणून डोळे मोठे. बाजूचे एक काका लगेच म्हणाले, अंधारात डोळ्यांचा काय उपयोग, खोलातले मासे आंधळेच असतात. मावशीचंच बरोबर आहे.

फक्त बुल्सआय तसा फार खोलातला नाही, खरा अंधुक पट्टा २०० ते १००० मीटरचा. पाणी लाल प्रकाश वरच्या वरच शोषून घेतं, निळा सगळ्यात खाली पोचतो. म्हणजे तिथे लाल मासा काळाच दिसणार, बाजारात भडक वाटणारा तो रंग खाली लपायच्या कामाचा.

आता डोळा. कमी उजेडात दंडपेशी काम करतात हे शाळेत झालंय. त्यात ऑप्सिन नावाचं प्रथिन असतं आणि त्याच्या कुशीत रेटिनलचा वाकडा रेणू बसलेला असतो, प्रकाशाचा एक कण आदळला की तो सरळ होतो, ऑप्सिनचा आकार बदलतो आणि पुढे मेंदूकडे सिग्नल जातो. खोलातल्या बऱ्याच माशांच्या दंडपेशी लांबलचक असतात, काहींत तर थरांवर थर, वरच्या थरातून निसटलेला प्रकाशकण खालचा पकडतो. पण मला वेड लावलंय ते सिल्व्हर स्पायनीफिन नावाच्या खोलातल्या माशाने. आपल्याकडे दंडपेशींच्या ऑप्सिनचा जीन एकच, म्हणून रात्री आपल्याला रंग कळत नाहीत. याच्याकडे ३८! २०१९ मध्ये हे जाहीर झालं. प्रत्येक ऑप्सिनमध्ये दोनचार अमिनो आम्लं बदलली की तो निळ्या-हिरव्याची थोडी वेगळी छटा पकडतो, आणि खोलातले जीव स्वतः जो उजेड पाडतात तो बहुतेक याच छटांचा, म्हणजे हा मासा अंधारातही रंग ओळखत असेल अशी दाट शक्यता.

 

आणि लाल रंगाचं लपणं सगळ्यांपुढे चालत नाही बरं का. स्टॉपलाइट लूजजॉ नावाचा मासा डोळ्याखालून स्वतःच लाल उजेड सोडतो, आजूबाजूच्या बहुतेकांना तो दिसतच नाही, याला मात्र दिसतो, कारण त्याच्या डोळ्यात क्लोरोफिलपासून बनलेलं एक रंगद्रव्य असतं.