हुमणीवरची बुरशी बशीत का बिघडते?

उसातल्या हुमणी अळीवर वापरतात ती मेटारायझियम बुरशी वारंवार सबकल्चर केली, म्हणजे प्रयोगशाळेतल्या एका बशीतून (पेट्री डिश) दुसऱ्या बशीत वाढवत नेली, की हिरव्या थरात पांढरे, कापसासारखे पट्टे उठतात. तिथे बीजाणू धरतच नाहीत, नुसते तंतू असतात. वाण बिघडायला लागल्याची ही खूण.

ही बुरशी बहुतांशी अलैंगिक पद्धतीनं वाढते, म्हणजे प्रत्येक बीजाणू जनकाची नक्कल. नक्कल करताना डीएनएत चुका होतात. लैंगिक प्रजननात जनुकांची सरमिसळ होऊन काही संततीच्या वाट्याला कमी चुका येतात. इथे ती सोय जवळपास नाही. समूह लहान असला आणि सर्वांत कमी चुकांचा वंश योगायोगानं संपला, तर तो परत येत नाही. उलटं न फिरणाऱ्या दातेरी चाकासारखी ही प्रक्रिया जनुकशास्त्रज्ञ हर्मन म्युलर यांनी १९६४ मध्ये मांडली.

मेटारायझियमच्या बीजाणूत एकच केंद्रक असतं आणि गुणसूत्रांचा संचही एकेरी. त्यामुळे घातक बिघाड लगेच उघडा पडतो आणि तो वंश संपतो. किंचित बिघाड मात्र साठत जातात. तंतूंत तर अनेक केंद्रकं एकत्र राहतात आणि धडधाकट केंद्रकं दुबळ्यांना सांभाळून घेतात. म्हणूनच कडेचा तंतूंचा तुकडा कापून नव्या बशीत लावणं धोक्याचं. शिवाय बशीत साखर आयती मिळते. कीटकाची कातडी भेदणारी विकरं (एन्झाइम) बिघडली तरी बुरशीचं काही अडत नाही. शेतात हीच उणीव घातक ठरते.

उपाय सुरुवातीलाच करायचा. शुद्ध वाणाचे बीजाणू १० ते २० टक्के ग्लिसरॉलमध्ये (गोठताना पेशी वाचवणारा द्रव) उणे ८० अंश सेल्सिअसला अनेक कुप्यांत ठेवा आणि प्रत्येक उत्पादन नव्या कुपीपासून सुरू करा. सबकल्चर करावंच लागलं, तर गडद हिरव्या भागातले बीजाणू ०.०५ टक्के ट्वीन-८० (साबणासारखा पदार्थ) घातलेल्या पाण्यात खरवडून भरपूर संख्येनं पसरा. एखाद्या बीजाणूवर सगळी भिस्त ठेवली, तर ते चाक झपाट्यानं पुढे सरकतं.

मारकशक्ती घटलेलं वाण अळीतून फिरवून आणतात. अळीला बीजाणूंची लागण करायची, मेल्यावर तिचा पृष्ठभाग सौम्य सोडियम हायपोक्लोराइटनं (ब्लीच) निर्जंतुक करून धुवायचा, ओल्या फिल्टर पेपरवर ठेवायची आणि अंगावर उगवलेले हिरवे बीजाणू नव्या माध्यमावर घ्यायचे. यातून समूहात उरलेले जोमदार वंश निवडले जातात. पण जनुकच तुटलं असेल, तर अळीही ते जोडून देत नाही. तेव्हा जुनी कुपीच उघडावी लागते.