नळी तुटलेली नाही, ती तशीच असते
(स्त्री-पुरुष प्रजननसंस्थेची मॉडेलं घेतलेल्या शाळा-कॉलेजांसाठी)

सप्रेम नमस्कार.

"मॉडेल तुटून आलंय की हो! नळी अंडाशयाला जोडलेलीच नाही." शाळा उघडल्या की हा फोन आम्हाला आठवड्यातून एकदा तरी येतो. कधी खानापूरकडच्या हायस्कुलातून, कधी निपाणीहून, कधी बेळगावातल्याच नर्सिंगच्या बाईंकडून. दर वेळी तेच सांगून झालं, म्हणून आता हे पत्रक पेटीतच घालतोय. मॉडेल बाहेर काढण्याआधी वाचा.

अंडाशय म्हणजे बदामाच्या आकाराचा, तीनेक सेंटिमीटर लांबीचा तुकडा. तो गर्भाशयाला एका बंधाने धरलेला असतो. आमच्या मॉडेलवर पांढरी दोरी दिसते ती हीच. अंडनलिका निघते गर्भाशयाच्या वरच्या कोपऱ्यातून. लांबी १० ते १२ सेंटिमीटर, आणि टोकाला नरसाळ्यासारखं उघडं तोंड, त्याला झालर. झालरीचं एक लांब बोट तेवढं अंडाशयाला टेकलेलं असतं, बाकीचं तोंड मोकळंच. महिन्याला बीज सुटतं ते नळीत नाही, अंडाशयाच्या बाहेर. झालर अंडाशयावर ओणवी होते, तिच्यावरचे सूक्ष्म केस हलतात आणि बीज आत ओढलं जातं. एका बाजूची नळी काढलेल्या बाईला त्याच बाजूच्या अंडाशयातल्या बीजापासून दिवस राहिल्याची उदाहरणं डॉक्टरांनी नोंदवलेली आहेत. म्हणजे पलीकडच्या नळीने ते बीज उचललं. नळी अंडाशयाला पाइपासारखी बसवलेली असती तर हे झालं असतं का? वर्गात एवढं एकच सांगा, पोरं विसरणार नाहीत.

पुस्तकातल्या चित्रात जागा थोडी असते, म्हणून झालर अंडाशयाला चिकटल्यासारखी दिसते. चित्र चूक नाही, पण त्यावरून मॉडेल तपासू नका. इटलीच्या फॅलोपिओने १५६१ साली या नळ्यांचं वर्णन केलं तेही तुतारी म्हणून. तुतारीचं तोंड उघडंच असायचं.

आता आमचं दुखणं. फोन केला तर बरं, पण बरेच जण फोन न करता स्वतःच नळी चिकटवून टाकतात. गेल्या वर्षी एक मॉडेल परत आलं. शिपायाने दोन्ही झालरी एम-सीलने अंडाशयावर लिंपून वर गुलाबी रंग लावला होता. मनापासून केलं होतं काम, नाही म्हणत नाही. पण तो गोळा कानशीने उतरवायचा तर खालची झालर निघून येते. झालरीची बोटं आमचा कारागीर एकेक करून हाताने बसवतो. हाच माणूस श्रावणात गणपतीचे डोळे रंगवायला जातो, तेव्हा त्या दिवसांत आलेलं दुरुस्तीचं काम चतुर्थी होईपर्यंत पडून राहतं. मग तुमची परीक्षा तोंडावर आणि मॉडेल आमच्याकडे! चिकटवलेली नळी दुरुस्त करण्याचे पैसे आम्ही घेतो. वाहतुकीत खरंच काही मोडलं असेल तर एक पैसा घेत नाही, फक्त पेटी उघडल्या दिवशी फोटो पाठवा.

बाहेरून येणाऱ्या काही स्वस्त मॉडेलांत सगळं एकाच साच्यात ओतलेलं असतं. पडलं तरी मोडत नाही, हे मान्य. पण त्यात गर्भाशयही सरळ उभं दाखवतात. बहुतेक बायकांचं गर्भाशय पुढे, मूत्राशयावर कललेलं असतं. आमचं कललेलं आहे. तो तिरपेपणा मुद्दाम ठेवलाय, खाली पुठ्ठा लावून सरळ करू नका.

पुरुषाच्या मॉडेलची तक्रार कमी येते. डावा वृषण उजव्यापेक्षा जरा खाली दिसेल. बहुतेक पुरुषांत तसंच असतं, साचा वाकडा नाही. दुसरं म्हणजे ती लांब तार. ती शुक्रवाहिनी. वृषणामागच्या अधिवृषणापासून (म्हणजे गुंडाळलेल्या बारीक नळीपासून) निघून वर पोटात शिरते, मूत्राशयाच्या मागून वळसा घालून खाली प्रोस्टेट ग्रंथीत उतरते. खऱ्या शरीरात ती हातभर असते, म्हणून तारही लांब. "उगाच लोंबत होती" म्हणून एका सरांनी पकडीने अर्धी तोडली होती. वृषण शरीराबाहेर पिशवीत का, हे पोरं विचारतातच: शुक्रपेशी तयार व्हायला शरीरापेक्षा दोन-तीन अंश कमी तापमान लागतं.

मूत्राशयांची अदलाबदल मात्र फार होते. दोन्ही मॉडेलं एकाच पेटीत ठेवली की झालीच. पुरुषाच्या मूत्राशयाखाली अक्रोडाएवढी प्रोस्टेट असते आणि मूत्रमार्ग तिच्या मधूनच जातो. लघवी आणि वीर्य दोन्हीला वाट एकच. बाईचा मूत्रमार्ग आखूड, चारेक सेंटिमीटर, आणि योनिमार्गापासून वेगळा. तुकड्यांच्या पाठीवर 'पु' आणि 'स्त्री' असं कोरलंय, तेवढं बघून बसवा.

फोनवर ऑर्डर देताना कृपा करून नुसतं 'अंडकोश' म्हणू नका. आपल्याकडे कोणी त्याला पुरुषाची पिशवी समजतं, कोणी बाईचं बीजांडकोश. तेवढ्यावरून चुकीचा तुकडा बसने गेलाय आणि परत आलाय. 'वृषण' म्हणा किंवा 'अंडाशय' म्हणा. कन्नड माध्यमाच्या सरांनाही हे दोन्ही शब्द चालतात. गर्भाशयाला ते गर्भकोश म्हणतात, ते आम्हाला कळतं.

नावांच्या पट्ट्या मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत मिळतात. एक संच मॉडेलबरोबर येतो, दुसरा हवा असल्यास थोडे पैसे पडतील. एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या वर्गासाठी दोन भाषांचे संच घेतलेले बरे, कोरी पट्टी लावून पोरांना ओळखायला लावता येतं. सुटी झालर, वृषण, तार असे तुकडेही ठेवलेत. हरवतात, आम्हाला माहीत आहे.

बऱ्याच शाळांत हे मॉडेल तपासणी येईपर्यंत कपाटात कुलपात असतं. अशा मॉडेलला दुरुस्ती लागत नाही, आमचं नुकसानच. तरी बाहेर काढा. हवं तर आधी कळवा, तालुक्याच्या गावाला येणं झालं की आमचा माणूस शिक्षकांना तुकडे काढून-बसवून दाखवेल, त्याचे पैसे नाहीत.

पुसायला ओलं फडकं घ्या. थिनर लावलात तर रंग जाईल, आणि श्रावण असेल तर चतुर्थीपर्यंत थांबावं लागेल.

– कारखान्यातर्फे, शहापूर, बेळगाव