कुरळ्या केसांच्या कुत्र्याची केशनिगा

कुरळ्या केसांच्या कुत्र्याची केशनिगा : पूडल, बिशाँ फ्रीझे, लागोत्तो रोमान्योलो, पोर्तुगीज वॉटर डॉग, बेडलिंग्टन टेरियर इ. जातींच्या व त्यांच्या संकरांच्या केसांत जटा होऊ नयेत म्हणून घरी करावयाचे विंचरणे, धुणे, वाळविणे व कातरणे. गुंता आणि जट यांत फरक करणे आवश्यक आहे. गुंता कंगव्याने सुटतो. जटेत केस एकमेकांत दाबले जाऊन नमद्यासारखा (दाबून केलेल्या लोकरीच्या जाड कापडासारखा) सलग थर झालेला असतो व तो बहुधा कातडीला लागूनच असतो.

इतिहास : या निगेचा उगम पाण्यात काम करणाऱ्या शिकारी कुत्र्यांच्या केसकापणीत शोधला जातो. इंग्रज वैद्य जॉन कीझ यांच्या १५७० मधील लॅटिन श्वानग्रंथाच्या १५७६ च्या इंग्रजी अवतारात पाणकुत्र्याचे केस खांद्यापासून मागच्या पायांपर्यंत व शेपटीपर्यंत कातरीत असल्याचा उल्लेख आहे. पोहताना केसांचा भार होऊ नये, हे कारण तेथे दिले आहे. जर्व्हेस मार्कम (१६२१) यांनी उन्हाळ्यासाठी व पाण्यातील कामासाठी मागील भाग कातरणे मान्य केले, मात्र सर्वांगाचे केस काढणे त्यांना पसंत नव्हते. छातीवर व सांध्यांवर केसांचे गोळे राखण्याची पूडलची प्रसिद्ध कापणी थंडीपासून संरक्षणासाठी निघाली, असे सर्रास सांगितले जाते. छातीपुरते ते पटण्यासारखे आहे; घोट्यांवरील व शेपटीच्या टोकावरील गोळे शोभेसाठी वाढत गेले असावेत, हे मत अधिक संभाव्य वाटते. पूडलच्या मायभूमीचा वादही याच्याशी निगडित आहे. ‘पुडेल’ हे नाव जर्मन असून पाण्यात डुबक्या मारणे, पाणी उडविणे या अर्थाच्या क्रियापदाशी त्याचा संबंध जोडतात. फ्रेंच ‘कानिश’ हे नाव बदकाच्या मादीच्या नावावरून आले. आंतरराष्ट्रीय श्वान महासंघ (एफसीआय) ही जात फ्रान्सच्या नावे नोंदवितो (मानक क्र. १७२). बार्बे या जुन्या पाणकुत्र्याशी तिचे नाते बहुतेकांना मान्य आहे.

केसांचे स्वरूप : २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार कुत्र्यांच्या केसांतील बरीचशी विविधता तीन जनुकांनी स्पष्ट होते : लांबीसाठी एफजीएफ-५, दाढी-भुवयांसाठी आरएसपीओ-२ आणि कुरळेपणासाठी केआरटी-७१. यांपैकी तिसरे जनुक केसाच्या मुळाभोवतीच्या आतल्या आवरणातील केराटिन (केस ज्याचा बनतो त्या गटातील प्रथिन) घडविते, म्हणजे केसाला वळण मुळातच मिळते. त्याच जनुकाचे कुरळेपणाशी निगडित असे दुसरे रूप २०१९ मध्ये नोंदविले गेले. पूडलसारख्या जातींत केसाच्या वाढीची अवस्था लांबते, त्यामुळे केस न कातरल्यास वाढतच राहतो. ‘या जातींचे केस गळत नाहीत’ हा समज मात्र बरोबर नाही. केस गळतो, पण जमिनीवर न पडता शेजारच्या वेटोळ्यांत अडकून राहतो. जटेचे बीज हा अडकलेला मेलेला केस होय.

जट कशी बनते याबाबत दोन स्पष्टीकरणे आहेत. पहिले लोकरीच्या नमद्यावरून घेतलेले आहे : केसाच्या पृष्ठावरील खवले कौलांप्रमाणे एकाच दिशेला झुकलेले असतात, त्यामुळे ओलावा व घर्षण मिळताच केस एका दिशेने सरकतो आणि मागे येऊ शकत नाही. दुसऱ्या मतानुसार कुत्र्याच्या केसावरील खवले मेंढीच्या लोकरीइतके उठावदार नसतात, म्हणून खवल्यांपेक्षा गळालेल्या मऊ केसांची गुंफण महत्त्वाची ठरते. जटा घर्षणाच्या जागी होतात हे दोन्हींशी जुळते. परंतु पिल्लाचे केस जाऊन मोठेपणीचे येतात त्या काळात (साधारण ९ ते १८ महिने) जटा अचानक वाढतात, याचा उलगडा दुसऱ्या मताने अधिक सरळ होतो.

जटा होण्याच्या जागा : कानामागे, पट्ट्याखाली, काखेत, जांघेत, शेपटीच्या बुडाशी, दाढीत व बोटांच्या मध्ये.

विंचरण्याची रीत : बारीक वाकड्या तारांचा ब्रश (स्लिकर) व पोलादी कंगवा ही मुख्य साधने. वरवर ब्रश फिरविलेला कुत्रा कापसासारखा फुललेला दिसतो. पण कंगवा घालताच त्याचे दात कातडीपासून बोटाच्या पेराएवढ्या अंतरावर अडकतात. घरच्या निगेतील बहुतेक अपयश या एका पेरात साठलेले असते. म्हणून केसांचा भांग पाडून कातडीची रेघ उघडी करावी, रेघेखालचे केस हाताने दाबून धरावेत, वरची एक पातळ ओळ विंचरावी, मग भांग थोडा वर सरकवावा. असे पायापासून पाठीकडे जावे. ब्रश एकाच जागी दाबून फिरविल्यास कातडी खरचटते. शेवटी कंगवा मुळापासून टोकापर्यंत न अडखळता गेला, तरच तो भाग झाला असे समजावे. लांब केस राखायचे असल्यास हे रोज किंवा दिवसाआड करावे लागते. दर ४ ते ६ आठवड्यांनी कापणी केल्यास श्रम बरेच कमी होतात. पिल्लाला पंजे, कान व हनुवटी हाताळू देण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावावी. पुढे दहा-बारा वर्षे त्याला याच हातांखाली बसायचे असते.

स्नान : आधी विंचरावे, मग धुवावे. गुंता भिजून वाळला की आवळतो. शाम्पू कुत्र्यांसाठी बनविलेलाच घ्यावा, कारण कुत्र्याची कातडी माणसाच्या कातडीपेक्षा कमी आम्लधर्मी असते. कंडिशनरने केसांतील घर्षण घटते. टॉवेलने चोळू नये, दाबून पाणी टिपावे आणि कोमट वाऱ्याखाली ब्रशने केस सरळ करीत मुळापर्यंत वाळवावेत.

झालेली जट : लहान जट चिमटीत मुळाशी धरावी, म्हणजे ओढ कातडीवर येत नाही, मग टोकाकडून थोडी थोडी मोकळी करावी. मोठ्या जटेला कात्री लावू नये. जट वर ओढली की पातळ कातडीही तंबूसारखी वर येते आणि केस कोठे संपले हे डोळ्यांना कळत नाही. घरात होणाऱ्या जखमा बहुधा अशाच होतात. अशा वेळी १० क्रमांकाच्या पात्याचे (सु. १.५ मिमी. केस राखणारे) केस कापण्याचे यंत्र कातडीलगत चालवावे व पाते तापले का, हे मनगटावर वारंवार पाहावे. दाट जटेखाली ओल साचून कातडी लाल होते, जखमा झाकल्या जातात, माश्यांच्या अळ्याही होऊ शकतात. कानावरील जट काढल्यानंतर कुत्रा मान झटकत राहिल्यास कानाच्या पाळीत रक्त साकळते, म्हणून तो दिवसभर नजरेखाली असावा. सर्वांगावर जट असेल तर ती विंचरून सोडविण्याचा हट्ट धरू नये. केस पुन्हा येतात. त्यासाठी कुत्र्याला तासन्‌तास वेदना देण्यात अर्थ नाही. ते काम पशुवैद्याकडे द्यावे.

अपवाद : पुली व कोमोन्दोर या हंगेरियन जातींत केसांच्या दोऱ्या मुद्दाम होऊ देतात, तेथे निगा म्हणजे दोऱ्या हातांनी एकमेकींपासून सुट्या ठेवणे. लागोत्तोच्या मानकात (क्र. २९८) वर्षातून किमान एकदा संपूर्ण कापणी सांगितली आहे. कर्ली कोटेड रिट्रीव्हरचे आखूड, घट्ट वळे ब्रशने विस्कटतात. ते ओले करून आपोआप वाळू देतात.