२५ डिसेंबर: एका सुटीच्या पोटातला इतिहास

वर्तमानपत्रांतल्या ‘दिनविशेष’च्या चौकटीत २५ डिसेंबरला नेहमीच गर्दी असते. नाताळ, मदनमोहन मालवीय आणि अटलबिहारी वाजपेयी यांच्या जयंत्या, महाडचं मनुस्मृती दहन, चार्ली चॅप्लिनचं निधन, गोर्बाचेव्ह यांचा राजीनामा. सगळं एकाखाली एक, एकाच मापाच्या अक्षरात. जन्म-मृत्यूच्या तारखा कुणाच्या हातात नसतात, त्या बाजूला ठेवू. उरलेल्या नोंदींमधल्या बऱ्याच याच दिवशी का येऊन पडल्या, याचं उत्तर मात्र अगदी साधं आहे. त्या दिवशी कचेऱ्या बंद असतात.

आधी खुद्द तारखेबद्दल. येशूचा जन्म अमुक दिवशी झाला असं बायबलमध्ये कुठेही लिहिलेलं नाही. रोममधल्या इ. स. ३५४च्या एका संग्रहात २५ डिसेंबरचा उल्लेख सापडतो आणि ती नोंद ३३६ सालापर्यंत मागे नेता येते. रोमनांच्या ‘अजिंक्य सूर्या’च्या उत्सवाची जागा चर्चने घेतली, असं काही अभ्यासक म्हणतात. इतरांच्या मते मरियेला गर्भ राहिल्याचा दिवस २५ मार्च मानला गेला आणि तिथून नऊ महिने मोजले गेले. वाद मिटलेला नाही, मिटण्याची चिन्हंही नाहीत. रशियासारख्या देशांतली ऑर्थोडॉक्स चर्च अजून जुन्या ज्युलियन पंचांगाने चालतात, त्यामुळे त्यांचा २५ डिसेंबर आपल्या ७ जानेवारीला उजाडतो. हा तेरा दिवसांचा फरक पुढे एकदा कामाला येणार आहे.

आपल्याकडे हा सण इंग्रजांच्या बराच आधी आला. गोव्यात आणि वसईत तो पोर्तुगीजांबरोबर रुजला आणि लवकरच इथल्या बोलीत बोलू लागला. १५७९मध्ये गोव्यात आलेले इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी येशूची कथा मराठी ओव्यांत रचली. ते ‘क्रिस्तपुराण’ १६१६मध्ये छापलं गेलं. नाताळात गोव्यात नेवऱ्या, दोदोल, कलकल यांची ताटं शेजारच्या हिंदू घरांत जातात आणि चवथीला तिकडून नेवऱ्यांचीच ताटं परत येतात. या देवाणघेवाणीवर स्वतंत्र लिहायला हवं. इथे मुद्दा निराळा आहे.

इंग्रजी राज्यात नाताळ ते नववर्ष हा सरकारी सुटीचा आठवडा झाला. न्यायालयं बंद, कॉलेजं बंद, सचिवालय थंड. वकील, प्राध्यापक, डॉक्टर, संपादक, म्हणजे राजकारण करू शकणारा जो काही वर्ग तेव्हा देशात होता, त्याला एकाच वेळी मोकळीक मिळे ती याच दिवसांत. शिवाय रेल्वे झालेली होती. मग अखिल भारतीय म्हणावं असं जे काही भरायचं, ते डिसेंबरअखेर भरू लागलं. काँग्रेसचं पहिलं अधिवेशन १८८५मध्ये २८ डिसेंबरला मुंबईत गोकुळदास तेजपाल संस्कृत कॉलेजात भरलं. ठरलं होतं पुण्यात, पण तिथे कॉलरा आला म्हणून मुंबईला हलवावं लागलं. प्रतिनिधी ७२, अध्यक्ष व्योमेशचंद्र बॅनर्जी. दोन वर्षांनी न्यायमूर्ती रानड्यांनी सामाजिक परिषद सुरू केली, तीही काँग्रेसला जोडूनच. प्रतिनिधी आलेलेच असत आणि मांडव उभाच असे. १८९५च्या पुण्याच्या अधिवेशनात मात्र याच मांडवावरून रण पेटलं. काँग्रेसच्या मांडवात समाजसुधारणेची चर्चा होऊ द्यायला टिळक पक्षाने विरोध केला आणि परिषदेला दुसरी जागा शोधावी लागली.

मुस्लिम लीगची स्थापना ढाक्याला ३० डिसेंबर १९०६ रोजी झाली. सुरतेची काँग्रेस डिसेंबर १९०७च्या शेवटच्या आठवड्यात जोडाफेक होऊन फुटली. कम्युनिस्टांची पहिली परिषद १९२५च्या नाताळात कानपूरला भरली. ही परंपरा मोडायचं ठरलं १९२९मध्ये, लाहोरला. संपूर्ण स्वराज्याचा ठराव झाला ते हेच अधिवेशन. त्याच अधिवेशनाने आणखी एक ठराव केला, जो फारसा कुणाला आठवत नाही: यापुढे अधिवेशन फेब्रुवारी-मार्चमध्ये घ्यावं, कारण डिसेंबरच्या थंडीत गरीब प्रतिनिधींना जादा कपड्यांचा खर्च सोसत नाही. सुटी असलेल्यांची काँग्रेस आता सुटी नसलेल्यांचीही होऊ पाहत होती. स्वराज्याच्या ठरावाइतकंच या चार ओळींत काँग्रेसचं बदललेलं रूप दिसतं, असं मला वाटतं.

महाडची दुसरी परिषद १९२७च्या नाताळात भरली यात म्हणूनच नवल नाही. २५ डिसेंबरला रविवार होता.

तिची मुळं चार वर्षं मागे आहेत. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा तो होता. महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४मध्ये चवदार तळं सर्वांना खुलं केल्याचं जाहीर केलं. खुलं झालं ते कागदावर. तळ्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली आणि दुसऱ्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकर प्रतिनिधींसह तळ्यावर जाऊन पाणी प्यायले. थोड्याच वेळात गावात आवई उठली की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. जेवत बसलेल्या, घरी परतत असलेल्या लोकांवर लाठ्या पडल्या. त्यानंतर तळं ‘शुद्ध’ करण्यात आलं: पंचगव्याच्या १०८ घागरी, मंत्रोच्चारासह. पालिकेनेही आपला जुना ठराव मागे घेतला. तो दिवस होता ४ ऑगस्ट १९२७, म्हणजे बोले ठरावाचा चौथा वाढदिवस. योगायोग असेलही.

म्हणून डिसेंबरात सत्याग्रहच करायचा ठरला. त्याला शह द्यायला महाडच्या काही सवर्णांनी १२ डिसेंबरला दिवाणी दावा लावला: तळं सार्वजनिक नाही, आमच्या मालकीचं आहे. दोन दिवसांत तात्पुरता मनाई हुकूम मिळालाही. परिषद तोंडावर, मध्ये न्यायालयांच्या सुट्या. मनाई उठवून घ्यायला सवडच नव्हती.

२४ डिसेंबरला बाबासाहेब आणि सुमारे दोनशे प्रतिनिधी मुंबईहून ‘पद्मावती’ बोटीने निघाले. नेहमीची सोपी वाट धरमतरची, तिथून पुढे मोटारीने. पण मोटारवाले ऐनवेळी अंग काढून घेतील अशी धास्ती होती. बोट दासगावला लागली तर तिथून महाड पाचेक मैल, पायी गाठता येण्याजोगं. म्हणून दासगाव. २५ तारखेला दुपारी बोट तिथे लागली आणि माणसं घोषणा देत चालत निघाली. या वाट बदलण्यात मला त्या चळवळीची सगळी व्यवहारबुद्धी दिसते. बहिष्कार कुठून कसा येईल हे या लोकांना पुस्तकात वाचावं लागत नव्हतं.

परिषदेसाठी गावात जागा मिळेना. शेवटी फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपलं शेत दिलं, तिथे मांडव पडला. महाडचा बाजार बंद, त्यामुळे धान्य, सरपण, पाणी सगळ्याची बेगमी बाहेरून करावी लागली. महाडमधून सुरबानाना टिपणीस आणि अनंतराव चित्रे ही कायस्थ मंडळी उघडपणे पाठीशी होती. मांडवात फोटो एकच, गांधीजींचा. पुढच्या पाचेक वर्षांत गांधीजी आणि बाबासाहेब यांच्यात जे झालं ते माहीत असलेल्याला हा तपशील वाचताना अडखळायला होतं.

अध्यक्षीय भाषणात बाबासाहेबांनी महाडच्या सभेची तुलना १७८९च्या फ्रेंच राष्ट्रसभेशी केली. ही सभा एका तळ्याच्या पाण्यासाठी भरलेली नाही, माणसामाणसांतल्या समतेची नांदी करायला भरली आहे, असा त्या भाषणाचा रोख होता. मग ठराव आले. जन्मतः सर्व माणसं समान आहेत, हे सांगणारा हिंदूंच्या हक्कांचा जाहीरनामा आला आणि त्याच्यामागोमाग मनुस्मृती जाळण्याचा ठराव. तो मांडला गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे या ब्राह्मण कार्यकर्त्याने आणि अनुमोदन दिलं पां. ना. राजभोज यांनी. मांडवासमोर सहा इंच खोल, दीड फूट लांब-रुंद असा खड्डा खणून त्यात चंदनाचे ढलपे रचले होते. बाजूला पाटी होती, ‘मनुस्मृतीची दहनभूमी’. रात्री नऊ वाजता सहस्रबुद्धे आणि काही दलित साधूंच्या हस्ते ग्रंथ अग्नीत टाकण्यात आला.

यावर गदारोळ होणारच होता. विद्वानांनी, सुधारकांनीही नाकं मुरडली: पुस्तक जाळून काय साधतं? बाबासाहेबांनी आपल्या ‘बहिष्कृत भारत’ या पाक्षिकातून याला सविस्तर उत्तर दिलं. विदेशी कापडाची होळी करताना जळतं ते कापड, पण निषेध असतो तो परक्या सत्तेचा, मग हाच न्याय इथे का नको? प्रतिपक्षाकडून याला पटेलसं उत्तर आल्याचं माझ्या तरी वाचनात नाही.

पाण्याचं काय झालं? दुसऱ्या दिवशी सत्याग्रहावर चर्चा झाली. हजारो लोक तुरुंगात जायला तयार होते. जिल्हाधिकारी स्वतः येऊन सभेशी बोलले आणि न्यायालयाची मनाई मोडू नका, असं त्यांनी सांगितलं. लढा सनातन्यांशी आहे, सरकारशी नाही, हे पाहून सत्याग्रह तहकूब झाला. लोक तळ्याला फेरी घालून परतले, पाण्याला न शिवता. मग खटला दहा वर्षं रेंगाळला. महाड, ठाणे असं करत तो मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि १७ मार्च १९३७ रोजी तळं सर्वांचं असल्याचा निकाल कायम झाला. अस्पृश्यांना तळ्यापासून दूर ठेवण्याची अनादि काळापासूनची वहिवाट असल्याचं फिर्यादींना सिद्ध करता आलं नाही.

सुटीचा उपयोग सभा भरवण्यासाठीच होतो असं नाही. समोरचा गाफील असतो, म्हणूनही ती साधली जाते. १७७६च्या नाताळच्या रात्री जॉर्ज वॉशिंग्टनने बर्फाळ डेलावेअर नदी ओलांडून ट्रेंटनच्या छावणीवर झडप घातली. १९७९मध्ये २५ डिसेंबरलाच सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात उतरू लागल्या. बारा वर्षांनी त्याच तारखेला गोर्बाचेव्ह यांनी दूरचित्रवाणीवरून राजीनामा दिला आणि क्रेमलिनवरचा लाल झेंडा उतरला. पाश्चिमात्य देश तेव्हा सुटीवर होते, मॉस्को नव्हतं. मघाचे तेरा दिवस इथे कामाला आले. तिथला नाताळ अजून यायचा होता.

एक २५ डिसेंबर मात्र या कुठल्याही हिशेबात बसत नाही. १९६८मध्ये तमिळनाडूतल्या तंजावूर भागात, कीळवेण्मणी गावात, मजुरी वाढवून मागणाऱ्या दलित शेतमजुरांच्या वस्तीवर जमीनदारांची माणसं चालून आली. जीव वाचवायला बायका, मुलं, म्हातारी माणसं एका झोपडीत शिरली. ती झोपडी पेटवण्यात आली. ४४ जण गेले. जमीनदार पुढे उच्च न्यायालयात निर्दोष सुटले. महाडची आग आणि ही आग, एकाच तारखेच्या. मराठी दिनविशेषांत कीळवेण्मणी अभावानेच सापडतं, ते यायला हवं.

पाळले जाणारे दिवसही या तारखेवर चढत गेले. पाकिस्तानात ही जिनांची जयंती म्हणून राष्ट्रीय सुटी असते (शाळेच्या दप्तरात त्यांची जन्मतारीख वेगळीच आहे, पण त्यांनी स्वतः हीच मानली). भारतात २०१४पासून वाजपेयींची जयंती सुशासन दिन झाली. त्याच वर्षी त्यांना आणि मालवीयांना भारतरत्न जाहीर झालं. मालवीयांचं नाव महाडच्या संदर्भात काढायला हवं, कारण १९३२च्या पुणे करारावर, म्हणजे दलितांच्या राखीव जागांबद्दलच्या समझोत्यावर, सवर्ण हिंदूंच्या बाजूने त्यांची सही आहे आणि दुसऱ्या बाजूने बाबासाहेबांची. अलीकडे काही संघटना याच दिवशी तुळशी पूजनही करतात. आपल्याकडे तुळशीचं लग्न कार्तिकातच उरकलेलं असतं, तेव्हा डिसेंबरचा हा मुहूर्त कशासाठी, हे ज्याचं त्याने ओळखावं.

सुशासन दिनाची गंमत अशी की तो पाळायचा सरकारी नोकरांनी आणि दिवस सरकारी सुटीचा. त्यामुळे काही राज्यांत शपथ आदल्या दिवशीच उरकतात.

आंबेडकरी चळवळीत मनुस्मृती दहन दिन आधीपासून आहेच. १९९०च्या दशकापासून दलित स्त्रियांच्या संघटनांनी त्याला भारतीय स्त्री मुक्ती दिन म्हणायला सुरुवात केली. स्त्री बालपणी पित्याच्या, तारुण्यात पतीच्या, म्हातारपणी मुलाच्या ताब्यात असावी, असं सांगणारा ग्रंथ ज्या दिवशी जळला तो आमचा दिवस, ही त्यामागची भूमिका. ८ मार्च असताना दुसरा दिवस कशाला, असा प्रश्न स्त्री चळवळीतूनच आला आणि त्यावर बरंच कडू-गोड बोलणं झालं. या मागणीला महाडमध्येच आधार आहे. परिषद आटोपल्यावर बाबासाहेबांनी स्त्रियांची वेगळी सभा घेतली. जातीची खूण सांगणारं गुडघ्यापर्यंतचं लुगडं आणि अंगभर जड दागिने सोडा, नेटकं पायघोळ लुगडं नेसा, मुलींना शिकवा, असं त्यांनी सांगितलं. त्यानंतर लगेच बायका एकमेकींना नव्या पद्धतीने लुगडं नेसवू लागल्या. मनुस्मृती जळाली त्याच्या दोन-तीन दिवसांतली ही गोष्ट.

महाडला आजही मोठी गर्दी होते ती २० मार्चला, २५ डिसेंबरला त्या मानाने कमी. १९२७मध्ये या दोन्ही तारखा रविवारी आल्या होत्या. २०२७मध्ये दोन्ही घटनांना शंभर वर्षं होतील आणि दोन्ही तारखा शनिवारी येतील, म्हणजे मुंबईहून जाणाऱ्या बऱ्याच नोकरदारांना रजा टाकावी लागणार नाही.